नॅनोकण आणि प्लेटिंगची टाकी

विद्युतप्रवाहाच्या साह्याने धातूचे नॅनोकण बसवून उत्प्रेरक तयार करण्याची कला आज एका जागी अडली आहे. कण बारीक करणे तिला जमले आहे. पण तोच बारीक कण आधी तळहाताएवढ्या आणि मग दाराएवढ्या पत्र्यावर सगळीकडे सारखा बसवणे अजून जमलेले नाही. संशोधन मात्र बहुतांशी पहिल्याच प्रश्नाभोवती घुटमळते, आणि माझी तक्रार हीच आहे. पुण्यात ती करायला विशेष कारण आहे. १९५० मध्ये सुरू झालेली पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा कित्येक वर्षे उत्प्रेरकांवर काम करते आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये सीएसआयआर आणि केपीआयटी यांच्या हायड्रोजन इंधनघटावरच्या मोटारीची चाचणी इथेच झाली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये बसही रस्त्यावर आली. अशा कमी तापमानाच्या इंधनघटात प्लॅटिनमला अजून तोलाचा पर्याय नाही. त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, भोसरी-पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यात, धातूवर धातू चढवणे हा रोजचा धंदा आहे.

कण बारीक हवा, कारण उत्प्रेरकाचे सगळे काम पृष्ठभागावर चालते. एक ग्रॅम प्लॅटिनमचे ३ नॅनोमीटरचे गोल कण केले तर त्यांचा एकूण पृष्ठभाग सुमारे ९३ चौरस मीटर भरतो. कण ८० नॅनोमीटरचे झाले की तो जेमतेम साडेतीन चौरस मीटर उरतो. द्रावणात रासायनिक क्रियेने बारीक कण बनवणे आता अवघड राहिलेले नाही. पाषाणच्याच प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण मिळवले होते, आणि २००४ मधल्या त्या शोधनिबंधाची जगभर दखल घेतली गेली. पण द्रावणातला कण इलेक्ट्रोडवर आणायचा म्हणजे तो कार्बनवर बसवा, बंधक द्रव्यात कालवा, शाईसारखा लेप द्या, असा सगळा खटाटोप आला. त्यात काही कण बंधकाखाली गाडले जातात आणि काहींचा विजेशी संबंधच तुटतो. मोजायला ते धातू असतात, कामाला नसतात. विद्युत-निक्षेपणाचे, म्हणजे विजेने धातू बसवण्याचे, खरे बळ इथे दिसते. जिथे इलेक्ट्रॉन आणि आयन दोन्ही पोचतात तिथेच धातू बसतो, म्हणजे प्रत्येक कण जन्मतःच जोडलेला असतो. इंधनघटात प्लॅटिनमची बचत करण्यासाठी हा विचार १९९० च्या दशकाच्या आरंभीच मांडला गेला. त्याला एक पुस्तीही जोडायला हवी. टाकीतल्या द्रवाने भिजलेल्या इलेक्ट्रोडमध्ये आयन जिथवर जातात, तिथवर ते वायूवर चालणाऱ्या घटात जातीलच असे नाही.

मग ही पद्धत मागे का पडली? पहिले कारण कणांच्या आकारातली विषमता. सगळी बीजे एकाच क्षणी पडली तरी दाटीतल्या कणाला द्रावणातले आयन कमी मिळतात, एकट्या पडलेल्याला जास्त. वाढता वाढता लहानमोठेपणाची दरी रुंदावते. त्यावर तोडगा म्हणून दुहेरी स्पंदाची रीत आली. आधी क्षणभर जोरदार विभव देऊन बीजे पाडायची आणि मग सौम्य विभवावर ती सावकाश वाढवायची. याहून देखणे यश २००७ चे आहे. चीनच्या शियामेन विद्यापीठातल्या गटाने चौकोनी तरंगाचे विभव वापरून प्लॅटिनमचे चोवीस फलकांचे स्फटिक घडवले. इथेनॉल आणि फॉर्मिक आम्लाच्या ऑक्सिडीकरणात, सारख्याच पृष्ठभागामागे, त्यांची क्रियाशीलता बाजारातल्या उत्प्रेरकाच्या चौपटीपर्यंत गेली. स्फटिकाचे फलक असे हुकमी घडवता येतात हे सिद्ध झाले, आणि त्याचे मोल मी कमी मानत नाही. पण ते स्फटिक दोनेकशे नॅनोमीटरपर्यंत मोठे होते. वरच्या हिशोबाने ८० नॅनोमीटरच्या कणात ग्रॅममागचा पृष्ठभाग सुमारे सत्तावीस पटींनी घटतो; चौपट कमाईने ही तूट भरून निघत नाही. प्लॅटिनम विकत घेणारा ग्रॅमचे पैसे मोजतो, फलकांचे नाही.

मोजमापाचीही शिस्त अपुरी आहे. कितीतरी निबंधांत प्रवाह इलेक्ट्रोडच्या लांबी-रुंदीने भागून दिलेला असतो, त्यामुळे थर नुसता खडबडीत झाला तरी उत्प्रेरक सुधारल्याचा भास होतो. याहून गंभीर दोष समोरच्या इलेक्ट्रोडचा आहे. आम्लात दीर्घ चाचणी घेताना समोर प्लॅटिनमची तार ठेवली, तर ती थोडी थोडी विरघळते आणि तो धातू चाचणीतल्या इलेक्ट्रोडवर येऊन बसतो. ‘प्लॅटिनमविरहित’ म्हणून गौरवलेला उत्प्रेरक चाचणीदरम्यान सुधारत गेला, तर श्रेय कुणाचे? तारेऐवजी कार्बनची कांडी वापरणे ही क्षुल्लक दक्षता आहे, आणि ती न घेतलेल्या निष्कर्षांवर विसंबू नये, असे मला वाटते.

आता मूळ अडचणीकडे. प्लेटिंगच्या व्यवसायात १९३९ पासून हल सेल नावाचे साधे पात्र वापरात आहे. आकार समलंब, आत २६७ मिलिलिटर द्रावण, आणि तिरपी ठेवलेली एक पट्टी. पट्टीचे एक टोक ॲनोडला जवळ, दुसरे दूर. त्यामुळे एकाच पट्टीवर प्रवाहघनतेचा सगळा पल्ला उमटतो. जवळचे टोक जळून काळवंडते, दूरचे फिके राहते आणि मधला चकचकीत पट्टा सांगतो की टाकी किती प्रवाहावर चालवावी. कोपऱ्यांवर प्रवाह गोळा होतो हे टाकीवरच्या कामगाराला पाठ असते. एक चौरस सेंटिमीटरच्या तुकड्यावर काम करणाऱ्या संशोधकाला ते जाणवतही नाही. नॅनोकणांच्या बाबतीत ही विषमता अधिक घातक ठरते, कारण बीजांची संख्या विभवाबरोबर सरळ प्रमाणात नव्हे, तर घातांकी वेगाने वाढते. जिथे प्लेटिंगचा थर कोपऱ्यात दुप्पट जाड झाला असता, तिथे कणांची संख्या कित्येक पटींनी बदलते.

यावर कुणी म्हणेल, प्लेटिंगला सलग थर हवा असतो आणि इथे तुटक कण हवेत; त्या ज्ञानाचा इथे उपयोग काय? चकाकी आणणारी सेंद्रिय द्रव्ये उचलता येणार नाहीत, हे खरेच आहे. ती पृष्ठभागाला चिकटून उत्प्रेरकाच्या जागाच अडवतात. पण प्रवाहरेषांची भूमिती थराची जाडी पाहून बदलत नाही. ॲनोडची मांडणी, आडपडदे, द्रावणाचे अभिसरण हे सगळे जसेच्या तसे लागू पडते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रासायनिक आणि विद्युत-निक्षेपणाने पातळ थर बनवण्याची मोठी परंपरा उभी केली आहे, म्हणजे या विद्येचे जाणकार महाराष्ट्रात आहेत. दुसरा आक्षेप मला मान्य आहे. ज्या झिओलाइट उत्प्रेरकांनी पाषाणला नाव मिळवून दिले, त्यांच्या प्रांतात ही पद्धत निरुपयोगी आहे. आधारद्रव्य वीज वाहून नेत नसेल तर धातू बसणार कशावर? मोटारीच्या इंधनघटातही कार्बनवरचे प्लॅटिनम लवकर हटेल असे दिसत नाही.

या पद्धतीची खरी जागा पाणी फोडणाऱ्या अल्कली घटात आहे. तिथे निकेलची जाळी चौरस मीटरने लागते, कण थोडा मोठा झाला तरी धातू स्वस्त, आणि निकेल तर प्लेटिंगवाल्याच्या रोजच्या हातातला. २००८ मध्ये एमआयटीच्या नोसेरा गटाने कोबाल्ट-फॉस्फेटचा उत्प्रेरक थर साध्या द्रावणातून विजेनेच बसवून दाखवला आहे. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेचे लक्ष्य २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे आहे. एवढा हायड्रोजन बनवणाऱ्या घटांना इलेक्ट्रोड लागतील. तेव्हा या विषयावरच्या पुढच्या प्रबंधात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या एका सुंदर चित्राबरोबर हात-दीड हाताच्या जाळीच्या कोपऱ्यातला, कडेचा आणि मधला असे तीन तुकडे कापून त्यांची तुलना असावी. शिवाय बंद-चालू चाचणी असावी. सौर विजेवरचा घट रोज संध्याकाळी थांबतो, आणि थांबताना त्यात काही काळ उलटा प्रवाह वाहतो. त्या उलट्या प्रवाहात कॅथोडवरचा थर ऑक्सिडीकृत होतो आणि झिजतो. सलग शंभर तासांच्या स्थिर प्रवाहाच्या आलेखात हे कधीच दिसत नाही.