नजर, नज़्र आणि साख्तियात

उर्दूत 'ज़' साठी ज़ाल, ज़े, ज़्वाद, ज़ोए अशी चार अक्षरे आहेत. अरबीत त्यांचे ध्वनी चार. उर्दूच्या बोलण्यात मात्र एकच. मराठीत याच्या उलट. 'ज' एकच, पण 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, यांचे उच्चार वेगळे. माझ्या वर्गातल्या एका मुलाने 'नज़र' हा शब्द ज़ालने लिहिला. ज़ालने 'नज़्र' होतो, म्हणजे भेट, नवस. पाहण्याची 'नज़र' ज़ोएने. आमच्या बोलीत दोन्हींची 'नजर'च होते.

ध्वनी किती आहेत यापेक्षा त्या भाषेने कोणते फरक अर्थासाठी राखले आहेत हे महत्त्वाचे, असे फर्दिनां द सोस्यूर जिनिव्हात शिकवीत असे. त्याचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १९१६ साली, विद्यार्थ्यांच्या टिपणवह्यांवरून तयार झाले. (वह्या तपासणाऱ्या माणसाला याचे कौतुक वाटणारच.)

संरचनावादाला उर्दूत साख्तियात म्हणतात. गोपीचंद नारंग यांच्या त्या विषयावरील ग्रंथाला १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हे सारे आपल्याकडे आधीच होते, असे काही जण अभिमानाने सांगतात व अब्दुल क़ाहिर जुरजानीचे नाव घेतात. अकराव्या शतकात त्याने लिहिले की गुण सुट्या शब्दात नसून 'नज़्म' मध्ये, म्हणजे शब्दांच्या जुळणीत असतो. हे खरेच. 'नजर' वाक्यात बसली की घोटाळा उरत नाही.

पण दोघांना एका पंगतीत बसवणे मला पटत नाही. जुरजानीच्या मते शब्दांचा क्रम बोलणाऱ्याच्या मनातील अर्थाच्या क्रमामागून येतो. तिथे बोलणारा हजर असतो. सोस्यूरची भाषाव्यवस्था मात्र बोलणाऱ्याच्या आधीची. एकट्याला ती बदलता येत नाही. याच वाटेने पुढे गेलेल्या रोलाँ बार्थने १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. फ्रान्समध्ये लेखकाचा दबदबा शतकानुशतकांचा, त्यांना ते परवडले असेल. आपले पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन सोलापूरला भरले ते १९९० साली. इथे लेखक आत्ता कुठे स्वतःच्या नावाने बोलू लागला आहे. त्याचा जनाजा इतक्या घाईने कशाला उचलायचा? संरचनावादाचे फरक मी घेईन, ही घाई नाही.

त्या मुलाच्या ज़ालखाली मी लाल रेघ ओढली. वाक्य छान झाले होते, तेही शेजारी लिहिले.