रोहित इतका गुलाबी नसतो

भिगवणच्या रोहित पक्ष्याचा फोटो कसा असेल, हे आता न बघताही सांगता येतं. पक्षी बरोबर मधोमध, फ्रेम भरून. मागे दुधाळ, धूसर काहीतरी. ते पाणी आहे की भिंत, कळत नाही. पंखांवर लग्नातल्या सरबताची आठवण यावी असा गुलाबी रंग. खाली बदामांची रांग आणि ‘कडक!’ अशी दाद.

हौशी पक्षी-छायाचित्रणाचं तंत्र गेल्या काही वर्षांत खूप सुधारलंय, हे आधी मान्य करू. पक्ष्याचा डोळा स्वतःच शोधून त्यावर फोकस धरणारे कॅमेरे आले. कमी उजेडात काढलेल्या फोटोतला नॉइज सॉफ्टवेअर एका क्लिकमध्ये साफ करतं. पीस न्‌ पीस मोजता येतं. तरी यातले बहुतेक फोटो बघता बघता विसरले जातात. कारण काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे निर्णय आपण डोळे मिटून घेतो.

रंगाचंच बघा. रोहितचा गुलाबी रंग त्याच्या खाण्यातून येतो, शेवाळात आणि पाण्यातल्या बारीक जीवांत असणाऱ्या कॅरोटिनॉइड द्रव्यांमधून. पिल्लू राखाडी असतं आणि त्याला पुरता रंग चढायला काही वर्षं जातात. मोठा रोहित लांबून पांढराच वाटतो; त्याचा लालभडक रंग पंख उघडल्यावर दिसतो. लहान रोहित जास्त गडद, त्याची चोचही काळपट लाल. म्हणजे त्या एका रंगात पक्ष्याचं वय आहे, जात आहे, जेवण आहे. सॅच्युरेशनची पट्टी उजवीकडे ओढली की सगळा थवा एकाच वयाचा होतो. फोटो उठून दिसतो, पण त्यातली माहिती पुसली जाते. बगळ्याच्या बाबतीत हेच उजेडामुळे होतं. पांढरा इतका जळतो की पक्षी कागदातून कापल्यासारखा दिसतो. जळालेल्या पांढऱ्यातली पिसं एडिटिंगमध्ये परत येत नाहीत, म्हणून फोटो काढतानाच एक्स्पोजर थोडं खाली ठेवावं लागतं.

मग क्रॉप. पक्षी जितका मोठा तितका फोटो चांगला, असा एक अलिखित नियम झालाय. त्यामुळे पक्षी ज्या दिशेला बघतोय तिकडची मोकळी जागा छाटली जाते आणि त्याची नजर फ्रेमच्या कडेवर आपटते. त्याहून मोठं नुकसान म्हणजे त्याचा पत्ता जातो. उजनीच्या बॅकवॉटरमध्ये रोहितच्या आसपास मासेमारांच्या होड्या असतात, जाळी असतात. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला; तिथे थव्याच्या मागे नवी मुंबईचे टॉवर उभे असतात. त्या जागेची गोष्ट चिखल, पक्षी आणि टॉवर एकत्र दिसले तरच कळते. आपण मात्र टॉवर ‘डिस्टर्ब करतात’ म्हणून कापतो आणि कुठलाही रोहित कुठलाही करून टाकतो.

विजेच्या तारेचंही तेच. कोतवाल, नीलपंख, खंड्या यांना आपण रोज तारेवरच बघतो, पण फोटोत तार दिसली की ती पुसायची. माळढोक नाहीसा होण्यामागे तारांना धडकून होणारे मृत्यू हे एक मोठं कारण आहे. म्हणजे जी तार पक्ष्याच्या आयुष्यात इतकी खरी आहे, तीच चित्रात नको.

यावर कुणी म्हणेल, हौस आहे, सुट्टीचा विरंगुळा आहे. फोटो जरा सजवला तर कुणाचं काय बिघडलं? एडिटिंग म्हणजे खोटेपणा नव्हेच. फिल्मच्या काळातही डार्करूममध्ये सावल्या उजळायचे, आभाळ गडद करायचे. कॅमेऱ्याने चुकवलेलं, पण डोळ्यांना दिसलेलं परत आणायला एडिटिंग लागतंच. मात्र दाद कशाला मिळते, यावर पुढच्या रविवारी पाण्यात काय घडणार हे ठरतं. फ्रेम भरलेला, पंख उघडलेला रोहितच हवा असेल, तर नावाड्याला ‘अजून जवळ घ्या’ म्हटलं जातं. होडी थव्याकडे सरकते, चरणारे पक्षी उठतात. लाल पंखांचा फोटो मिळतो. पक्ष्यांचं खाणं मोडतं आणि उडण्यात ताकद जाते. तेव्हा सौंदर्याबद्दलची आपली सवय ही निव्वळ आवडीनिवडीची बाब राहत नाही.

होडी लांबच थांबवली तर पक्षी लहान येईल. येऊ द्या. कॅमेरा शक्य तितका पाण्याच्या पातळीला आणा. वरून काढलेल्या फोटोत पक्षी चिखलावर चिकटवल्यासारखा दिसतो. फोटो काढताना पार्श्वभूमी बघा, पक्षी तर दिसतोच आहे. घरी आल्यावर एकाच फोटोच्या दोन प्रती करा, एक घट्ट कापलेली, दुसरी मोकळी सोडलेली. आठवडाभराने दोन्ही पुन्हा उघडा आणि कुठल्या प्रतीकडे जास्त वेळ बघावंसं वाटतं ते तपासा. आणि रंगांना हात लावण्याआधी थव्यात एखादा राखाडी रोहित आहे का ते शोधा. एडिटिंग संपल्यावरही तो राखाडीच दिसत असेल, तर मग खुशाल पोस्ट करा.