इच्छास्वातंत्र्याचा वाद : इरॅस्मस आणि ल्यूथर

इरॅस्मसचा इच्छास्वातंत्र्यावरील लॅटिन ग्रंथ सप्टेंबर १५२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ल्यूथरने डिसेंबर १५२५ मध्ये त्यास उत्तर दिले आणि ऑगस्टीनचा शब्दप्रयोग उचलून त्या उत्तरास ‘बद्ध इच्छा’ या अर्थाचे नाव दिले.

मराठी वाचकाने येथे एक सावधगिरी बाळगणे इष्ट होय. पूर्वनियती म्हणजे प्रारब्ध नव्हे. प्रारब्धाच्या मुळाशी जीवाचे स्वतःचे पूर्वकर्म असते. पूर्वनियतीच्या मुळाशी मनुष्याचे कोणतेच कर्म नसून केवळ ईश्वराची निवड असते. ईश्वराच्या न्यायीपणाचा प्रश्न तेथे अधिक तीव्र होतो तो यामुळेच.

इरॅस्मस मनुष्याच्या पदरात फार थोडे घालतो. पडलेल्या मुलाला बाप उचलतो, दूरचे सफरचंद दाखवतो, सावरीत तेथवर नेतो आणि ते त्याच्या हाती देतो; मुलाची स्वतःची अशी केवळ दुबळ्या पायांची धडपड. ल्यूथर नेमका या ‘थोड्या’वर घाव घालतो. ते थोडे निर्णायक असेल तर कृपा अपुरी ठरते, आणि नसेल तर त्यास स्वातंत्र्य हे भारदस्त नाव कशासाठी?

ल्यूथरचा सर्वांत बळकट युक्तिवाद मात्र व्याकरणाचा आहे. इरॅस्मसने सिराखच्या ग्रंथापासून आज्ञेची आणि अटीची वचने हिरीरीने गोळा केली होती. आज्ञार्थावरून सामर्थ्याचे अनुमान निघत नाही, असे ल्यूथर बजावतो. आज्ञा कर्तव्य सांगते, शक्ती नव्हे. फारोच्या कठोर झालेल्या हृदयाविषयी इरॅस्मस ऑरिजेनचा दृष्टान्त पुढे करतो : ऊन एकच, पण त्याने चिखल कठीण होतो आणि मेण वितळते. दृष्टान्त सुंदर खरा. परंतु एकाला चिखल आणि दुसऱ्याला मेण कोणी केले, हा मूळ प्रश्न तसाच राहतो.

तथापि ल्यूथरचा विजय निर्भेळ नाही. पाप्याचा मृत्यू न इच्छिणारा प्रकट ईश्वर आणि तो इच्छिणारा गूढ ईश्वर असा भेद त्याला करावा लागतो. ग्रंथाच्या शेवटी तो निसर्ग, कृपा आणि गौरव असे तीन प्रकाश कल्पितो व ईश्वराचा न्याय तिसऱ्यातच उलगडेल असे म्हणतो. धर्मग्रंथात काही स्थळे मनुष्यबुद्धीला अगम्यच राहावयाची, हे इरॅस्मसने आरंभीच म्हटले होते. त्याबद्दल ल्यूथरने त्याला संशयवादी ठरवून झोडपले होते. एवढा वळसा घालून तोही त्याच उंबरठ्यावर येऊन थांबतो.

मग या ग्रंथाचे बळ कशात? आपल्याला इच्छास्वातंत्र्य देऊ केले तरी ते नको, कारण पुरेसे केले की नाही या शंकेतून अंतःकरण कधीच सुटणार नाही, असे ल्यूथर सांगतो, तेथे तर्कपटू मागे सरतो आणि मठाच्या कोठडीत भयग्रस्त झालेला संन्यासी बोलू लागतो. आपल्या ग्रंथांपैकी हा आणि प्रश्नोत्तरी एवढेच खरे आपले, असे त्याने १५३७ साली एका पत्रात लिहिले.