क्षीण म्हणावे कोणाला?

शास्त्रीय विषयांवरील मराठी लेखनाची परीक्षा करताना आपण बहुधा एवढेच पाहतो, की परिभाषा शुद्ध आहे ना आणि आकडे बरोबर आहेत ना. माझ्या मते आणखी एक कसोटी लावायला हवी. नाव वाचताच मनात जे चित्र उभे राहते, ते खरे असते काय?

सृष्टीतील चार मूलभूत बलांवरचे लेखन या कसोटीला पुष्कळदा उतरत नाही. गुरुत्वाकर्षण, विद्युत्‌चुंबकीय बल, प्रबल बल आणि क्षीण बल अशी नावे सांगायची आणि आखाड्यातील पहिलवानांप्रमाणे ताकदीनुसार त्यांची उतरंड लावायची, की झाला लेख! ‘बल’ऐवजी ‘शक्ती’ लिहिणारे तर वाचकाला थेट नवरात्रातल्या देवीपुढे नेऊन उभे करतात.

दिवाळीनंतर दीडेक महिन्याने, दत्तजयंतीला, तापीकाठी सारंगखेड्यास एकमुखी दत्ताची यात्रा भरते. तिथला घोडेबाजार प्रसिद्ध आहे. जाणता गिऱ्हाईक नुसते धिप्पाड अंग पाहून पैसे मोजत नाही. तो चाल पाहतो, दम पाहतो. बलांची पारखही अशीच व्हावी.

नालबंदाच्या पेटीतला एक खिळा घ्या. चिमुकला लोहचुंबक तो सहज उचलतो. त्या वेळी अवघी पृथ्वी खिळ्याला खाली ओढत असते, आणि हरते. दोन प्रोटॉनांमधील गुरुत्वाकर्षण त्यांच्यातील विद्युत्‌बलाहून एकावर छत्तीस शून्ये इतक्या पटींनी दुबळे आहे. परंतु धन आणि ऋण विद्युत्‌प्रभार एकमेकांना पुसून टाकतात. वस्तुमानाचे तसे नाही, ते साठतच जाते. तापी समुद्राकडे धावते ती या दुबळ्याच्याच जोरावर.

प्रबल बल अणुकेंद्र बांधून ठेवते, पण त्याची धाव अणुकेंद्रापुरतीच. क्षीण बलाची धाव त्याहूनही आखूड. मात्र सूर्यात दोन प्रोटॉन जुळताना एकाचा न्यूट्रॉन व्हावा लागतो, आणि हे काम एकट्या क्षीण बलालाच साधते. तेही फार सावकाश. म्हणून तर सूर्य भसकन जळून न जाता सुमारे ४६० कोटी वर्षे पणतीसारखा तेवतो आहे! शिवाय हे बल जात्या क्षीणही नाही. त्याचे वाहक कण प्रोटॉनाच्या सुमारे नव्वदपट जड असल्याने ते तसे भासते. ते आणि विद्युत्‌चुंबकीय बल मुळात एकाच घरचे, हा सिद्धांत मांडणाऱ्या ग्लाशो, सलाम आणि वाईनबर्ग यांना १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ते जड कण १९८३ साली जिनीव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत सापडले. एवढा संसार ‘किरणोत्सर्गास कारणीभूत’ या दोन शब्दांत उरकणाऱ्या लेखाला मी अपुरा म्हणेन.

कोणी म्हणेल, हा विषयच मराठीला पेलणारा नाही. मला ते पटत नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठवली आणि ती पहिली आली. नावाच्या वजनाशिवाय गुरुत्वाकर्षणाचा विषय मराठी वाचकांपर्यंत पोहोचला.

परिभाषा रुळली आहे; ती मोडा असे मी म्हणत नाही. आधी काम दाखवा, मग नाव सांगा, एवढेच मागणे. सारंगखेड्याच्या शाळेतले पोर ‘क्षीण’ हा शब्द घोकून परीक्षा देईल. पण हातातल्या पणतीकडून उगवत्या सूर्याकडे त्याची नजर वळवणे, हे मराठी लेखकाचे काम आहे.