‘घनीकरण’ की ‘कणबंधन’? – एका संज्ञेची चिकित्सा

शास्त्रीय संज्ञेची परीक्षा तिच्या बाह्य डौलावरून न करता ती मूळ क्रियेचे स्वरूप कितपत उलगडते, यावरून केली पाहिजे. तेलविहिरींतील वाळूच्या रासायनिक बंदोबस्ताचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

तेलविहीर म्हटली म्हणजे मराठी वाचकास १९७४ साली सापडलेले मुंबई हाय आठवते. तेथील मुख्य साठा चुनखडकात आहे. नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातील आणि मेक्सिकोच्या आखातातील अनेक साठे मात्र भुसभुशीत वालुकाश्मात आहेत. तेथे तेलाच्या व वायूच्या प्रवाहाबरोबर कण सुटून येतात, विहीर बुजवितात आणि नळ व झडपा झिजवितात. यास ‘वाळूचे उत्पादन’ म्हणणे हे इंग्रजीचे निव्वळ शब्दशः भाषांतर होय. नकोशी वस्तू कोणी उत्पादित करीत नाही. ‘विहिरीत वाळू येणे’ हा साधा प्रयोगच यथार्थ आहे.

याहून गंभीर आक्षेप ‘घनीकरण’ या शब्दावर आहे. रासायनिक उपायात एपॉक्सी किंवा फ्युरान जातीची द्रवरूप राळ विहिरीभोवतीच्या थरात दाबाने सोडतात. काही पद्धतींत मागाहून दुसरा द्रव सोडून छिद्रांतील जादा राळ पुढे लोटतात. कणांवर पातळ लेप राहतो. जेथे कण एकमेकांस टेकतात तेथे राळ कठीण होऊन त्यांना सांधते. मधली छिद्रे मोकळी राहिली तरच तेलास वाट मिळते. यशाची कसोटी अशी दुहेरी आहे. ‘घनीकरण’ या शब्दात तिचा पूर्वार्धच येतो. त्यावर विसंबणारा विद्यार्थी राळ जितकी अधिक तितके काम चोख, असे समजेल. मग वाळूबरोबर तेलही अडेल.

म्हणून ‘कणबंधन’ ही संज्ञा आम्ही सुचवितो. छिद्रे मोकळी राहतात हे तीही उघड सांगत नाही, हे मान्य केले पाहिजे. तथापि बांधावयाचे ते कण, थर नव्हे, एवढा विवेक तिच्यात आहे. शिवाय तिची व्याप्तीही मर्यादित ठेवावी. थर फार लांब असेल तर राळ सर्वत्र सारखी पोचणे कठीण होते. अशा ठिकाणी जाळी व तिच्याभोवती भरलेली निवडक खडी यांचा अवलंब करतात. ‘वाळू-नियंत्रण’ हे या दोन्ही उपायांचे सामान्य नाव होय. ‘कणबंधन’ हे त्यांपैकी एकाचेच. हा भेद राखल्यास संज्ञा ज्ञानास साह्यभूत होईल. अन्यथा ती केवळ भाषेचा अलंकार ठरेल.