पाद्र्याची टोपी

घाटकोपर-मुलुंडच्या वाचनालयांतून बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आणून फडशा पाडलेल्या वाचकाला एमिलियो दे मार्कीच्या ‘इल कापेल्लो देल प्रेते’ या कादंबरीत आधी चुकल्यासारखं होतं. इथे अर्नाळकरांचा झुंजार नाही, धनंजय-छोटू नाहीत. खुनी कोण, हे खून पडण्याआधीच आपल्याला माहीत असतं. कर्जात बुडालेला नेपल्सचा बॅरन सांताफुस्का चिरिल्लो नावाच्या पैसेवाल्या पाद्र्याला आपल्या ओसाड वाड्यावर बोलावतो, ठार करतो आणि प्रेत टाक्यात लोटून देतो. पाद्र्याची टोपी तेवढी मागे राहते.

बॅरन देव मानत नाही, पाप मानत नाही. पण टोपीला घाबरतो! ती नवीकोरी टोपी या हातातून त्या हातात जाऊ लागते, आणि तिला हात लावणारी माणसं बहुतेक साधीभोळी. त्यांना संशयही नसतो. हुशार गुप्तहेराला चकवता येतं, भाबड्या माणसाला कसं चकवणार? दे मार्कीची खरी करामत इथे आहे.

चिरिल्लो तर आपल्याकडच्यांना लगेच ओळखू येईल. तो लॉटरीचे आकडे सांगतो अशी नेपल्सभर समजूत, म्हणून लोक त्याचा जीव खातात. मटक्याच्या दिवसांत आकड्यासाठी साधू-बैराग्यांच्या मागे लागलेली मुंबई ज्यांनी पाहिली, त्यांना हे समजावून सांगायला नको.

कादंबरी 1887 साली मिलानच्या ‘लितालिया’त आणि पुढच्या वर्षी ‘कोरिएरे दि नापोली’त क्रमशः आली. म्हणजे आकड्यांवर जीव टाकणारं नेपल्स स्वतःचीच गोष्ट रोजच्या पेपरात वाचत होतं. फ्रेंच कादंबऱ्यांवर पोसलेल्या सामान्य वाचकाला इटालियन लेखकही खिळवू शकतो, हे दे मार्कीला दाखवायचं होतं. आपल्याकडे इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सची रूपांतरं चवीनं वाचणारा होता, तसाच तो वाचक. पुढे अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या त्या अशाच वाचकासाठी. समीक्षकांनी नाकं मुरडली तरी या वाचकाने अर्नाळकरांना सोडलं नाही.

मधल्या भागात योगायोग जरा जास्तच होतात, बॅरनचं तत्त्वज्ञानही लांबतं. ती पानं मी भरभर उलटली. पण शेवटी बॅरन न्यायाधीशापुढे उभा राहतो, आरोपी म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणून. पुरावा अजून अर्धाकच्चा आहे. गप्प राहिला असता तर कदाचित सुटलाही असता. तो बोलत सुटतो.