हृदयवत्थू आणि मेंदू

पट्ठानात निस्सय-पच्चयाचे विवेचन करताना पाच इंद्रियविज्ञानांचे आश्रय नावानिशी सांगितले आहेत. मनोधातू व मनोविज्ञानधातू यांची पाळी येते तेव्हा मात्र ज्या रूपाच्या आश्रयाने त्या प्रवर्ततात ते रूप, एवढ्यावरच पाठ थांबतो. धम्मसंगणीच्या रूपगणनेतही हृदयवत्थू नाही. ही मोकळी जागा पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात भरली. हृदयाच्या पोकळीत अर्धा पसा रक्त (पालीतील 'पसत' तोच आपला पसा). रागचरिताचे तांबडे, द्वेषचरिताचे काळे, मोहचरिताचे मांस धुतलेल्या पाण्यासारखे.

आपल्याकडील धम्मविषयक लेखनात आता हृदय काढून तेथे मेंदू ठेवला जातो आणि मनाचा भौतिक उलगडा झाला, तथागतांचेही हेच म्हणणे होते, असे सांगितले जाते. मेंदूला आमची हरकत नाही. पाठाने ती मोकळीक ठेवल्याचे नारद महाथेरांनीही नोंदविले आहे. हरकत आहे ती निष्कर्षाला. निस्सय म्हणजे आधार. आधार दाखविला म्हणून आधेयाचे स्वरूप कळले, असे होत नाही. मधुपिण्डिक सुत्तात चक्षू, रूप आणि चक्षुविज्ञान या तिहींच्या संगतीस स्पर्श म्हटले आहे. डोळा त्यांतील केवळ एक. दृष्टिपटलावरील प्रकाश आणि मज्जातंतूंतील विद्युत्संदेश मोजता येतात, पण तांबडे तांबडे दिसणे त्या मोजणीत येत नाही. डेव्हिड चामर्स यांनी 1995 साली 'कठीण प्रश्न' म्हटले ते यालाच.

येथे बाबासाहेबांचा आधार घेतला जातो. 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात, विद्युत्क्षेत्रासोबत चुंबकक्षेत्र तसे देहासोबत विज्ञान, असा दृष्टान्त आहे. त्यातून अवलंबन सिद्ध होते, अभेद नव्हे. मात्र बाबासाहेबांचे अवलंबन एकाच दिशेचे आहे, तर नळकलापी सुत्तात सारिपुत्त विज्ञान व नामरूप यांना एकमेकींना टेकलेल्या बोरूच्या दोन पेंढ्यांची उपमा देतात; कोणतीही एक ओढली तरी दुसरी पडते. हा फरक आहे, आणि तो झाकण्यासाठी पाली पाठ वाकविण्यात बाबासाहेबांचा गौरव होत नाही.

यावरून कोणी आत्म्याला मागील दाराने आत आणू पाहील, तर त्याने महातण्हासंखय सुत्त वाचावे. तेच विज्ञान जन्मोजन्मी संसरण करते, असे म्हणणाऱ्या केवट्टपुत्र साति भिक्खूला तथागतांनी तेथे फटकारले आहे. लाकडाने पेटला तो लाकडाचा अग्नी, शेणाने पेटला तो शेणाचा अग्नी. तसेच चक्षूमुळे उपजले ते चक्षुविज्ञान.